फळमाशी : एक की अनेक?

प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ‘फळमाशी’ हा शब्द उच्चारला की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे लापशी भरलेली बाटली आणि तीत भिरभिरणारी लाल डोळ्यांची चिमुकली ड्रॉसोफिला उभी राहते. आनुवंशिकीवर त्या माशीचे उपकार फार मोठे आहेत. पण शेतकरी जिच्या नावाने बोटे मोडतो ती फळमाशी ही नव्हे. ड्रॉसोफिला पिकून आंबू लागलेल्या फळावर येते, म्हणजे ती बिचारी आपले उष्टे खाणारी. खरी फळमाशी टेफ्रिटिडी या निराळ्या कुळातली. ती झाडावरच्या धडधाकट फळालाच भोक पाडते. आमच्या अंकाच्या कन्नड विभागातले मित्र तिला ‘हण्णिन नोण’ म्हणतात. दोन नावांची एक वस्तू हा प्रकार आपल्या सीमाभागात सर्वांच्या अंगवळणी पडलेला आहे. परंतु एकाच नावाखाली दोन, चार, आठ निरनिराळ्या माश्या लपलेल्या असाव्यात आणि त्या उघड्या डोळ्यांना वेगळ्या दिसूच नयेत, हा प्रकार जरा गहन आहे. त्याविषयी चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते. वर्गीकरणशास्त्र म्हणजे नावे पाठ करण्याचा कंटाळवाणा विषय, असे मानणाऱ्या विद्यार्थ्यांना ते विशेषेकरून वाचायला द्यावेत असाही हेतू आहे.

प्रथम माशीची ओळख करून घेऊ. आंबा, पेरू, चिकू यांवर येणारी जी फळमाशी आपल्याकडे सर्रास आढळते तिचे शास्त्रीय नाव बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. लांबी सात-आठ मिलिमीटर. पाठ काळसर, पाठीच्या दोन्ही कडांना एकेक पिवळा पट्टा. पोटावर इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी काळी खूण. पंख काचेसारखे स्वच्छ, फक्त पुढच्या कडेला बारीकशी गडद पट्टी. घाईने पाहणाराला ती माशीपेक्षा गांधीलमाशीच वाटावी. मादीच्या पोटाच्या टोकाशी सुईसारखा टोकदार अंडनिक्षेपक असतो. तो सालीत खुपसून ती आत अंडी घालते. अळ्या गर खात वाढतात, फळ गळून पडते, अळ्या बाहेर येऊन मातीत शिरतात आणि तेथे त्यांचे कोष होतात. वरून सोन्यासारखा दिसणारा आंबा कापावा आणि आत वळवळ दिसावी, हा अनुभव बहुतेकांनी घेतलेला असेल. फवारा फळाच्या आत पोहोचत नाही आणि कोष मातीत असतो, म्हणून हिचा बंदोबस्त करणे कठीण जाते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दोन माश्या एकाच जातीच्या आहेत की नाहीत हे कशावरून ठरवायचे? (येथे ‘जाती’ म्हणजे स्पीशीज आणि ‘प्रजाती’ म्हणजे जीनस, असा आपल्या पाठ्यपुस्तकांतला अर्थ घेतला आहे. हिंदीच्या प्रभावाने अलीकडे उलटसुलट वापर होतो, त्यातून घोटाळे होतात.) जुन्या मंडळींची कसोटी सोपी होती : दिसण्यात फरक असेल तर जाती निराळी. १९४२ साली अर्न्स्ट मायर यांनी आपल्या ग्रंथात जातीची जी व्याख्या आग्रहाने मांडली ती निराळ्या टोकाची होती. निसर्गात जे प्राणी आपसांत संकर करून प्रजननक्षम संतती निर्माण करतात ते एका जातीचे; दिसायला ते सारखे असोत वा नसोत. म्हणजे जात ठरवायची ती आपल्या डोळ्यांनी नव्हे, खुद्द त्या प्राण्यांच्या सोयरिकीवरून. हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या पण आपसांत सोयरीक न करणाऱ्या जातींना मायर यांनी सहोदर जाती म्हटले. हल्ली त्यांना गूढ किंवा लपलेल्या जाती असेही म्हणतात.

याचे एक सुरेख उदाहरण आपल्या बाटलीतल्या ड्रॉसोफिलाचेच आहे. १९१९ साली स्टर्टेव्हंट यांनी ड्रॉसोफिला सिम्युलन्स या नव्या जातीचे वर्णन केले. तोवर ती माशी मेलॅनोगॅस्टर म्हणूनच खपत होती. दोहोंचा संकर केला तेव्हा जी संतती झाली ती वांझ निघाली, आणि गुपित फुटले. दुसरे उदाहरण हिवतापाचे. ग्रामीण भारतात हिवताप पसरवणारा अॅनॉफेलिस क्युलिसिफेसीज हा डास म्हणजे प्रत्यक्षात पाच सहोदर जातींचा गट आहे, हे गुणसूत्रांच्या अभ्यासातून निष्पन्न झाले. त्यांतली ‘बी’ म्हणून ओळखली जाणारी जाती हिवताप पसरवण्याच्या कामी अगदीच कुचकामी आहे. गावात डास पुष्कळ आणि ताप मात्र नाही, अशा कोड्याचे उत्तर कधीकधी असे सापडते.

फळमाश्यांच्या बाबतीत ही भानगड किती विस्तारली आहे हे पाहण्यासारखे आहे. डॉर्सालिस हे नाव हेन्डेल यांनी १९१२ साली फॉर्मोसा बेटावरच्या, म्हणजे आजच्या तैवानच्या, नमुन्यांवरून दिले. पुढे पाकिस्तानपासून फिलिपिन्सपर्यंत जिथे जिथे अशा रूपाची माशी फळांत सापडली तिथे तिथे तिला तेच नाव लावले गेले. फरक लोकांच्या लक्षात येत होते, पण ‘स्थानिक रूप’ म्हणून ते बाजूला ठेवले जात. १९९४ साली ऑस्ट्रेलियातल्या ड्र्यू आणि हॅन्कॉक या दोघांनी आशियातल्या या सगळ्या गटाची नव्याने छाननी केली. त्यांच्या ग्रंथात डॉर्सालिस गटाच्या ५२ जाती होत्या आणि त्यांपैकी ४० अगदी नव्या! एका फटक्यात एवढ्या जाती वेगळ्या करण्याचा हा प्रकार धाडसाचा होता खरा. पण त्यामागे हजारो नमुन्यांचे बारीक निरीक्षण होते.

त्या नव्या नावांतली तीन आपण लक्षात ठेवू. मलाया द्वीपकल्प आणि त्याच्या दक्षिणेकडची ती ‘पपायी’, फिलिपिन्सची ती ‘फिलिपिनेन्सिस’ आणि करंबळाच्या फळावरून नाव पडलेली ती ‘कॅरम्बोली’. (जाता जाता : कॅरम्बोला हा पोर्तुगीज शब्द आपल्या मराठी ‘करंबळ’ या शब्दावरून गेला असे कोशकार सांगतात. गोव्याच्या किनाऱ्यावर उचललेला शब्द लॅटिन नेसून परत आला म्हणायचा.) पपायी आणि डॉर्सालिस यांतला एक मोठा फरक अंडनिक्षेपकाच्या लांबीत दाखवला होता. डॉर्सालिसची सुई दीड मिलिमीटरच्या आसपास, तर पपायीची पावणेदोन मिलिमीटरहून अधिक. पाव मिलिमीटरचा हा फरक पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो, आणि तोही फक्त मादीतच दिसतो. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

नावे दिली आणि लगेच त्यांची किंमत मोजण्याची वेळ आली. १९९५ च्या ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियाच्या उत्तर क्वीन्सलंडमध्ये, केर्न्स शहराच्या परिसरात, परदेशी फळमाशी सापडली. तिची ओळख पपायी अशी पटली. तिला हुसकावण्यासाठी जी मोहीम निघाली ती १९९९ पर्यंत चालली आणि तीत तीन कोटी डॉलरांहून अधिक खर्च झाला. मोहीम यशस्वी झाली. मोहिमेतले मुख्य शस्त्र म्हणजे मिथिल युजेनॉलचे आमिष. या द्रव्याचा इतिहास मुळात आपल्याकडचा आहे, म्हणून दोन ओळी खर्च करतो. बिहारातल्या पुसा येथील शेतकी संशोधन संस्थेत हॉवलेट नावाचे इंग्रज कीटकशास्त्रज्ञ होते. डास दूर ठेवण्यासाठी सिट्रोनेला तेल लावलेल्या हातरुमालावर फळमाश्या येऊन बसतात, असे एका शेजाऱ्याकडून त्यांच्या कानी आले. त्यांनी पाहिले तर येणाऱ्या साऱ्या माश्या नर! १९१२ साली त्यांनी ही गोष्ट प्रसिद्ध केली, आणि १९१५ पर्यंत तेलातल्या घटकांची छाननी करून मिथिल युजेनॉलपर्यंत ते पोहोचले. आपल्या तुळशीच्या पानांतही हे द्रव्य असते. आज बागेत टांगलेल्या फळमाशीच्या सापळ्यात जो वासाचा ठोकळा असतो त्याचे मूळ त्या रुमालात आहे.

दुसरा प्रसंग आफ्रिकेतला. २००३ साली केनियात डॉर्सालिस गटातली एक माशी सापडली. आफ्रिकेत ती पूर्वी नव्हती. थोड्याच वर्षांत ती सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील देशांमागून देश पादाक्रांत करीत गेली आणि आंब्याचे अतोनात नुकसान झाले. तिच्या पाठीचा रंग काळ्यापासून तांबूस तपकिरीपर्यंत कसाही असे, आणि डॉर्सालिसच्या ठरलेल्या वर्णनात ते बसेना. तसेच नमुने श्रीलंकेत मिळाले. तेव्हा २००५ साली ड्र्यू, त्सुरुता आणि व्हाइट यांनी तिला नवी जाती ठरवून ‘इन्वाडेन्स’, म्हणजे स्वारी करणारी, असे समर्पक नाव दिले.

आता वाचक विचारतील, नाव डॉर्सालिस असो की इन्वाडेन्स, आंबा तर दोघीही नासवतात. मग एवढा काथ्याकूट कशाला? हा प्रश्न मला वर्गातही विचारला जातो आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर असे. फळ परदेशी पाठवायचे तर आयात करणारा देश विचारतो की तुमच्याकडे कोणत्या जातीची कीड आहे आणि तुमची प्रक्रिया त्या जातीची अंडी-अळ्या निश्चित मारते याचा पुरावा काय. गरम पाणी, वाफ, थंडी यांना प्रत्येक जाती सारखी दाद देत नाही. डॉर्सालिसवर हवाईत आणि इतरत्र कित्येक दशके केलेले प्रयोग ‘इन्वाडेन्स’ला लागू पडतात असे केनियाचा शेतकरी कोणत्या तोंडाने सांगणार? नाव निराळे, म्हणजे प्रयोग पहिल्यापासून. नवे नाव हा कागदावरचा शब्द असतो, पण बंदरावर त्याची भिंत होते.

दुसरी बाब याहून नाजूक आहे. फळमाशीचा नायनाट करण्याची एक युक्ती अशी की प्रयोगशाळेत लक्षावधी माश्या वाढवायच्या, कोषावस्थेत त्यांना गॅमा किरण देऊन वांझ करायचे आणि नर बागेत सोडायचे. रानातल्या माद्या त्यांच्याशी संग करतात, अंडी फुकट जातात, पिढी खुंटते. जपानने ओकिनावा बेटांवरून काकडीवर्गीय भाज्यांची फळमाशी या मार्गाने १९९३ पर्यंत समूळ घालवली. परंतु या साऱ्या योजनेचा पाया एकच : सोडलेला नर रानातल्या मादीला आपला वाटला पाहिजे. तो तिच्या जातीचा नसेल तर ती त्याच्याकडे ढुंकूनही पाहणार नाही, आणि सरकारचे पैसे अक्षरशः हवेत उडतील. येथे जात ओळखण्यात झालेली चूक माशी माफ करीत नाही.

म्हणून अन्न व शेती संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था या संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांनी मिळून २०१० साली एक संशोधन प्रकल्प हाती घेतला. अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी त्याच माश्या निरनिराळ्या कसोट्यांवर तपासाव्यात, अशी योजना होती. मला स्वतःला या प्रकल्पातली पद्धत त्याच्या निष्कर्षांपेक्षाही अधिक शिकण्यासारखी वाटते, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो.

पहिली कसोटी मोजमापाची. पाव मिलिमीटरच्या त्या सुईचा प्रश्न आठवा. थायलंडच्या उत्तरेकडून मलाया द्वीपकल्पाच्या टोकापर्यंत ठिकठिकाणच्या माश्या गोळा करून त्यांच्या सुया मोजल्या, पंखांचा आकार मोजला. जर डॉर्सालिस आणि पपायी या दोन जाती असतील तर वाटेत कुठेतरी एकदम फरक पडायला हवा. तसा तो पडला नाही. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना माप हळूहळू बदलत गेले. आपल्याकडची बोली कशी बदलते ते पाहा. सांगलीहून बेळगावमार्गे कारवारपर्यंत जाताना गावोगाव हेल बदलतो, पण अमुक मैलाच्या दगडापाशी एक बोली संपून दुसरी सुरू झाली असे बोट ठेवून दाखवता येत नाही. दोन टोकांचे नमुने तेवढे समोर ठेवले तर मात्र फरक ठळक दिसतो. १९९४ च्या ग्रंथात नेमके हेच झाले असावे.

दुसरी कसोटी डीएनएची. येथेही डॉर्सालिस, पपायी, फिलिपिनेन्सिस आणि इन्वाडेन्स यांची सरमिसळ होत राहिली. कोणत्याही जनुकावरून या चौघींचे चार गठ्ठे पडेनात. कॅरम्बोली मात्र काही डीएनए-खुणांवर स्पष्ट बाजूला पडली.

तिसरी कसोटी खरी मायर यांच्या व्याख्येची. ती व्हिएन्नाजवळच्या सायबर्सडॉर्फ येथील प्रयोगशाळेत घेतली गेली. कुंडीतली झाडे ठेवलेल्या मोठ्या जाळीदार पिंजऱ्यात दोन ‘जातीं’चे समसमान नर आणि माद्या सोडायच्या. कोण कोणती हे कळावे म्हणून त्यांच्या पाठीवर रंगाचे ठिपके द्यायचे. या माश्यांचा मीलनकाळ दिवेलागणीचा; तेव्हा निरीक्षकाने संध्याकाळी पिंजऱ्यात बसून जमलेली जोडपी एकेक करून कुपीत पकडायची आणि ठिपके पाहून मोजायची. समजा १०० जोडपी जमली. माश्यांना काही भेदभाव नसेल तर त्यांपैकी ५० च्या आसपास मिश्र निघावीत. पुरा भेदभाव असेल तर मिश्र जोडपे एकही नको. पंचांगही नको आणि मध्यस्थही नको, अशी ही सोयरीक मोजण्याची रीत! डॉर्सालिस, पपायी आणि फिलिपिनेन्सिस यांनी कसलाही भेदभाव केला नाही. पुढे इन्वाडेन्स आणि डॉर्सालिस यांच्यातही तेच दिसले. मिश्र जोडप्यांची संतती निकोप आणि प्रजननक्षम होती. कॅरम्बोली मात्र इतरांशी फटकून वागली. अगदीच संबंध नाही असे नव्हे, पण आपल्यातल्यांकडे तिचा ओढा स्पष्ट होता.

हा ओढा कशामुळे, याचाही काही उलगडा होतो, आणि तो आपल्या मिथिल युजेनॉलपाशीच येऊन थांबतो. नर हे द्रव्य खातात, शरीरात त्याचे रूपांतर करतात आणि गुदाशयाजवळच्या ग्रंथीत साठवून संध्याकाळी मादीला आकर्षित करण्यासाठी सोडतात. डॉर्सालिसचा नर त्यापासून दोन पदार्थ तयार करतो. कॅरम्बोलीचा नर त्यांतला एकच. पपायी, फिलिपिनेन्सिस, इन्वाडेन्स यांचे अत्तर डॉर्सालिससारखेच. आपल्याला ज्या माश्या सूक्ष्मदर्शकाखाली वेगळ्या करता येत नाहीत त्या एकमेकींना वासाने ओळखतात.

या सर्व पुराव्यांवरून २०१४-१५ मध्ये सुमारे ५० संशोधकांच्या सह्यांनी निर्णय प्रसिद्ध झाला : पपायी, फिलिपिनेन्सिस आणि इन्वाडेन्स ही नावे रद्द, तिन्ही म्हणजे डॉर्सालिसच. कॅरम्बोली मात्र स्वतंत्र. एका गावाच्या वेशीवर दोन पाट्या असल्या म्हणून गावे दोन होत नाहीत, तसाच हा प्रकार. ड्र्यू यांच्यासह काही जाणकारांना हा निर्णय पटला नाही. परंतु २०१८ साली डॅसिनी या फळमाश्यांच्या गटातल्या ९३२ जातींची जी जागतिक यादी प्रसिद्ध झाली तिने तो स्वीकारला. आफ्रिकेला त्याचा सरळ फायदा झाला. आशिया आणि हवाईतले सारे ज्ञान तिला आपले म्हणून वापरता येऊ लागले. केर्न्सच्या मोहिमेवरचा खर्च वाया गेला असे मात्र कोणी समजू नये. ऑस्ट्रेलियाला पपायी नको होती तशी डॉर्सालिसही नकोच होती.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की लपलेल्या जाती म्हणजे केवळ वर्गीकरणकारांचा बागुलबुवा. तसे मुळीच नाही. त्याच प्रकल्पात, त्याच पद्धतीने, आफ्रिकेतल्या दुसऱ्या एका फळमाशीची तपासणी झाली आणि निकाल अगदी उलटा लागला. सेरॅटायटिस रोझा ही १८८७ पासून एकच जाती समजली जात होती. केनियात ही माशी किनाऱ्यालगतच्या उष्ण सखल भागातही सापडते आणि उंचावरच्या थंड प्रदेशातही. नरांच्या पायांवरची ठेवण, अळ्यांची रचना, तापमान सोसण्याची ताकद, डीएनए, सारे तपासले तेव्हा दोन गट स्वच्छ पडले. २०१६ साली थंडी सोसणाऱ्या गटाला सेरॅटायटिस क्विलिसी हे नवे नाव मिळाले. रेयूनियाँ बेटावर फळमाश्यांचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलेले सर्ज क्विलिसी यांच्या स्मरणार्थ ते दिले आहे. त्या बेटावर ‘रोझा’ म्हणून जी अभ्यासली जात होती ती प्रत्यक्षात क्विलिसीच निघाली. यातले व्यवहाराचे मर्म थंडीत आहे. कीड उबदार देशांतच टिकेल या भरवशावर ज्या थंड मुलखाने निर्धास्त राहावे, तिथे ही दुसरी जाती बस्तान बसवू शकते.

दक्षिण अमेरिकेतली अॅनास्ट्रेफा फ्रॅटरक्युलस तर याहून वरचढ. व्हीडेमान यांनी १८३० साली नाव दिलेली ही माशी मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत पसरलेली आहे असे सांगितले जाई. तिच्यात आता निदान आठ निरनिराळी रूपे ओळखली गेली आहेत. पेरूची (देश पेरू, फळ नव्हे) आणि अर्जेंटिनाची माशी एका पिंजऱ्यात ठेवली तर त्या आपापल्या घरच्यांशीच जोडी जमवतात. एका देशात वाढवलेले वांझ नर दुसऱ्या देशात सोडून उपयोग नाही, हे त्यावरून उघड आहे. आश्चर्य एवढेच की या आठांपैकी बहुतेकींना अजून रीतसर नावसुद्धा मिळालेले नाही.

आणि आपली कॅरम्बोली? तिचा प्रवास या साऱ्या कथेत मला सर्वांत बोलका वाटतो. सुरिनाम देशात १९७५ साली एक आगंतुक फळमाशी पकडली गेली. १९८६ साली तिची ओळख डॉर्सालिस अशी पटवण्यात आली. १९९४ च्या ग्रंथानंतर कळले की ती कॅरम्बोली. मधल्या काळात ती शेजारच्या फ्रेंच गयानात पोहोचली होती आणि १९९६ साली ब्राझीलची सीमाही तिने ओलांडली. कॅरम्बोलीचे नर मिथिल युजेनॉलला डॉर्सालिसइतक्या तत्परतेने धावत नाहीत. तेव्हा डॉर्सालिसच्या हिशोबाने लावलेले सापळे तिला तितके पुरे पडणार नाहीत, हे नाव बदलल्यावरच नीट उमगण्यासारखे होते.

आपल्या आंब्याचा या प्रकरणाशी असलेला संबंध सर्वांना आठवत असेल. २०१३ साली भारतातून गेलेल्या फळभाज्यांच्या २०७ खेपांत कीड सापडल्याचे कारण देऊन युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून आपला आंबा आणि त्याबरोबर वांगी, कारली, पडवळ, अळू यांना बंदी केली. आंब्यावरची बंदी २०१५ च्या जानेवारीत उठली. गंमत अशी की त्या वेळच्या युरोपच्या नियमात माशीच्या जातीचा प्रश्नच येत नव्हता; ‘युरोपबाहेरच्या फळमाश्या’ असे म्हणून त्यांनी अख्खे कुळच्या कुळ दाराबाहेर ठेवले होते. याच धर्तीवर एक चांगली सोयही झालेली आहे. १५० ग्रे इतका किरणोत्सर्गाचा मारा टेफ्रिटिडी कुळातल्या कोणत्याही फळमाशीला पुरतो, हे २००९ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाले. किरणांना जात विचारावी लागत नाही. लासलगावच्या केंद्रातून २००७ साली अमेरिकेला जो आंबा रवाना झाला त्याला तर ४०० ग्रेचा मारा दिला होता, कारण तेथे फळमाशीबरोबर इतर किडींचाही बंदोबस्त करायचा होता. पण किरणांची सोय मोजक्या ठिकाणी. बागेतला सापळा आणि बंदरावरचा सूक्ष्मदर्शक यांना जात कळल्यावाचून गत्यंतर नाही.

आता घरच्या अंगणात येऊ. बॅक्ट्रोसेरा कॅरिई या नावाची एक जाती कपूर यांनी १९७१ साली वर्णिली आहे. ती दक्षिण भारतातली. कर्नाटक, केरळ, तमिळनाडू हे तिचे माहेर. आंबा आणि पेरू दोन्ही तिला चालतात. डॉर्सालिसशी तिचे इतके साम्य आहे की सापळ्यात दोघींचे नर एकत्र पडले तर मोजणारा सगळे डॉर्सालिसच्या खात्यात टाकून मोकळा होतो. भेद पाहायचा तो पाठीच्या कडेच्या पिवळ्या पट्ट्यांच्या रुंदीत आणि मांड्यांवरच्या काळ्या डागांत. द्वीपकल्पीय भारत आणि अंदमान-निकोबारच्या फळमाश्यांची डेव्हिड आणि रमणी यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेली सचित्र ओळखतालिका हाताशी असली की पदवीच्या विद्यार्थ्यालाही हे काम जमण्यासारखे आहे. सापळ्यात सापडणाऱ्या झोनाटा आणि करेक्टा या दोन जाती त्या मानाने सोप्या. त्या तांबूस, आणि त्यांच्या पंखाच्या पुढच्या कडेची पट्टी अखंड नसते.

ज्यांना प्रत्यक्ष करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी कृती देतो. केवळ सापळ्यावर विसंबू नये, कारण सापळ्यात नरच येतात आणि ते कोणत्या फळातून आले हे कळायला मार्ग नसतो. बागेत गळलेले पेरू किंवा आंबे गोळा करावेत, आणि एका वेळी एकाच झाडाचे घ्यावेत. रुंद तोंडाच्या बरणीत दोन बोटे बारीक, किंचित ओली वाळू पसरून त्यावर फळे ठेवावीत व तोंड मलमलीने बांधावे. अळ्या बाहेर पडून उड्या मारीत वाळूत शिरतील. वाळू चाळून तपकिरी कोष वेगळ्या बाटलीत घ्यावेत. आठ-दहा दिवसांत माश्या बाहेर येतील. आणि इथेच बहुतेकांची घाई होते. नुकत्याच बाहेर आलेल्या माशीचा रंग फिका असतो, पट्टे आणि डाग पक्के झालेले नसतात. अशी माशी मारून तालिकेला लावली तर ती भलत्याच नावावर नेऊन सोडते. म्हणून साखर आणि पाण्याचा बोळा ठेवून माश्या चार-पाच दिवस जिवंत ठेवाव्यात. मग निम्म्या टाचणीवर लावाव्यात आणि निम्म्या, पुढेमागे डीएनए काढता यावा म्हणून, शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवाव्यात. प्रत्येक नमुन्याला गाव, तारीख, फळ आणि गोळा करणाऱ्याचे नाव अशी चिठ्ठी पेन्सिलीने लिहून जोडावी. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. खानापूरकडच्या जंगलपट्टीतली फळे आणि पूर्वेकडच्या कोरड्या भागातली फळे यांच्या बरण्या वेगवेगळ्या ठेवाव्यात, आणि नर व माद्या दोन्ही जपाव्यात. नमुने विभागाच्या कपाटात ठेवायला जागा आहे, किल्ली मजकडे मिळेल.